झाड कुणाचं होतं

प्रिसिलाने लॉरेन्सच्या हातातली करवत हिसकावली आणि अंगणात फेकून दिली.

"एका फांदीला हात लावायचा नाही. विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत जे जिथं पडलंय, ते तिथंच राहील."

"वैनी, फांद्या काढल्या तर वर ताडपत्री तरी टाकता येईल."

"तीनदा सांगितलं तेव्हा कुठं होती तुझी करवत?"

लॉरेन्स करवत उचलून कुंपणापलीकडे गेला. मे महिन्यातल्या वादळात त्याच्या हद्दीतली जुनी चिंच मोडून प्रिसिलाच्या स्वयंपाकघरावर आडवी झाली होती. कौलं, वासे, भांड्यांची फळी, सगळ्याचा चुरा. चिंच आतून पोकळ झालीय, हे तिला कधीपासून दिसत होतं. नवरा वारल्यापासून ती या धाकट्या दिराला झाड पाडायला सांगत आली होती. दर वेळी तो म्हणायचा, "बाबांनी लावलंय." शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. ते पुन्हा सुरू झालं, ते आज, असं.

घराचा विमा केल्विनने, तिच्या मुलाने, बहारीनहून उतरवला होता. कंपनीच्या बाईने फोनवर बजावलं होतं, पाहणीआधी काही हलवू नका. म्हणून प्रिसिला घराबाहेरच्या ओट्यावर स्टोव्ह मांडून रांधत होती आणि आभाळ भरून आलं की आतली भांडी हताशपणे बघत होती.

दुपारी सर्व्हेअर आला. हर्षवर्धन नाव, विरारचा, तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने छपराचे फोटो काढले, मोडलेल्या वाशांचे काढले.

"आंटी, झाड कुणाचं?"

"त्याचं." तिने कुंपणाकडे बोट केलं. लॉरेन्स तिथे माडाच्या पडलेल्या झावळ्या ओढत होता.

"चांगलं होतं ना झाड?"

"चांगलं? आतून पोकळ होतं! घसा फोडून सांगितलं याला, तोड म्हणून. नाही ऐकलं. हे लिहा तुम्ही."

हर्षवर्धनने लिहिलं नाही. त्याने आवाज खाली आणला.

"आंटी, जरा विचार करून सांगा. धोका तुम्हाला आधीच माहीत होता असं लिहिलं, तर कंपनी विचारणार, मग तुम्ही काय केलं? महापालिकेत अर्ज दिला होता?"

"घरच्या माणसाविरुद्ध अर्ज?"

"मग क्लेम अडकू शकतो. चांगलं झाड वादळाने पडलं, तर काही प्रॉब्लेम नाही."

प्रिसिला उसळली.

"म्हणजे मला दिसलं, मी बोलले, हीच माझी चूक? आंधळी असते तर घर बांधून दिलं असतं तुम्ही?"

"नियम मी नाही बनवले, आंटी."

"मग कुणी बनवले त्याला घेऊन या! या चुऱ्यात उभं राहून सांगू दे मला!"

"मला कोणी काय सांगितलं नव्हतं."

दोघांनी वळून पाहिलं. लॉरेन्स कुंपणाला हात टेकून उभा होता.

"झाड ठणठणीत होतं," तो सर्व्हेअरला म्हणाला. "वादळाने मोडलं. ही रागात काहीपण बोलते."

प्रिसिलाला वाटलं, कौलाचा तुकडा उचलून त्याच्या तोंडावर मारावा. मग तिची नजर त्याच्या मागे गेली. चिंचेच्या बुंध्यावर झावळ्यांचा ढीग रचला होता. पोकळी दिसत नव्हती. हे त्याने तिच्यासाठी केलं होतं, की आपल्या गळ्याशी येऊ नये म्हणून, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"काय लिहू, आंटी?" हर्षवर्धनने विचारलं.

तिने कौलाचा तुकडा पायाने बाजूला सारला.

"तो म्हणतो तेच लिहा."

हर्षवर्धनने मान खाली घालून लिहिलं, तिची सही घेतली आणि निघाला.

प्रिसिला तरातरा कुंपणापाशी गेली.

"मी सांगितलं होतं की नाही?"

लॉरेन्सने होकारार्थी मान हलवली.

"तोंडाने बोल. खोटं बोलताना बरी जीभ वळली."

लॉरेन्सने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. हर्षवर्धन फोनवर बोलत अजून फाटकातच उभा होता.

"तो जाऊ दे," लॉरेन्स पुटपुटला.

मग दोघंही, कुंपणाच्या दोन बाजूंना, फाटकाकडे बघत उभी राहिली.