तिचा ठिपका

“अठ्ठाविसावा प्रश्न,” मी मोबाइल हातभर लांब धरत म्हणालो. “संप करणाऱ्यांना कामावरून काढून टाकणं योग्य आहे. हे काही पटण्यासारखं नाही, हो ना?”

“नाहीच मुळी,” बायको म्हणाली. ती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती.

“नुसतं असहमत की पूर्ण असहमत?”

“तुम्ही काय लिहिलंत?”

“पूर्ण.”

“मग पूर्णच टाका.”

मी टाकलं. हा उद्योग आमच्या मुलीचा. तिने घरच्या ग्रुपवर एक चाचणी पाठवली होती. साठ विधानं, प्रत्येकाखाली चार पर्याय, आणि शेवटी एका चौकोनात तुमचा ठिपका. तो डावीकडे पडला तर गरिबांची काळजी सरकारने घ्यावी असं तुमचं मत, उजवीकडे पडला तर ज्याचं त्याने बघावं. वर पडला तर तुम्हाला शिस्त प्यारी, खाली पडला तर मोकळीक. मुलगी आणि जावई यांचे ठिपके चौकोनाच्या मध्यावर शेजारीशेजारी पडले होते. मी माझी चाचणी बारा मिनिटांत उरकली होती. मला मतांची कधी टंचाई पडलेली नाही. माझा ठिपका डावीकडे खाली, अगदी कोपऱ्यात. बायकोचे हात कामात होते, म्हणून मी वाचणार आणि तिने सांगायचं असं ठरलं.

साठावं विधान संपलं आणि तिचा ठिपका पडला. मी दोन्ही चित्रं ग्रुपवर टाकली. पाचच मिनिटांत मुलीचा फोन.

“बाबा, एकच चित्र दोनदा आलंय.”

“एकच नाही. एक माझं, एक तुझ्या आईचं. तंतोतंत सारखी. एकोणतीस वर्षांचा संसार आहे, चेष्टा नाही!”

“प्रश्न कोणी वाचले?”

“मी.”

“मग ते आईचं नाहीच,” ती म्हणाली आणि हसत सुटली.

मला ते हसणं झोंबलं. कारण माझा धंदाच मुळी प्रश्न विचारण्याचा आहे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दुकान माझंच आहे. माणसाच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक काचा घालायच्या आणि विचारायचं, ही काच बरी की ती बरी. सोपं वाटतं, पण नाही. निम्मी माणसं भिडस्त असतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ‘ही बरी, ही बरी’ करतात आणि चुकीचा नंबर घेऊन जातात. अशांसाठी माझी एक युक्ती आहे. त्याच दोन काचा क्रम उलटा करून पुन्हा दाखवायच्या. निवडलेली काच बदलली की समजायचं, गडी काचेकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो.

संध्याकाळी चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं केलं, “शाळेत शिस्तीला कडक शिक्षक हवेत, नाही? हल्लीची मुलं फार शेफारलीत.”

“हो ना,” बायको म्हणाली.

सकाळी ह्याच विधानाला आम्ही दोघांनी ‘पूर्ण असहमत’ दिलं होतं.

“अगं, सकाळी उलट म्हणालीस!”

“सकाळी तुम्ही उलट विचारलंत.” तिने कप उचलला. “दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, घरी येऊन ह्या चाचण्या. तुमचं बरोबरच असतं हो. सोडा ना.”

ती पाळणाघरात काम करते. मी काही सोडणाऱ्यातला नव्हे. मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तू एकटी बस, मी जवळ येत नाही. ती गॅलरीत जाऊन बसली. मी बारा मिनिटं घेतली होती. हिची चाळीस झाली तरी पत्ता नाही. दोनदा पाणी द्यायच्या निमित्ताने गेलो, तर तिने मोबाइल छातीशी धरला. शेवटी आत आली आणि मला न दाखवता चित्र थेट ग्रुपवर टाकून मोकळी झाली.

ठिपका उजवीकडे वर होता. माझ्या नेमका समोरचा कोपरा. आमच्या दोघांच्या मध्ये मुलगी, जावई आणि त्यांचं सगळं सामानसुमान मावलं असतं. मुलीने टाळ्यांची रांग पाठवली.

“काय काय लिहिलंस?” मी विचारलं.

“नाही सांगणार. तुम्ही वाद घालाल.”

“मी कशाला वाद घालू? मला नुसतं कळू दे.”

“आत्ताच घालताय.”

“आणि मत? निवडणुकीत मत कोणाला देतेस तू?”

ती अभ्रे कपाटात ठेवत होती. वळलीसुद्धा नाही. “दर वेळी केंद्रावर जाताना तुम्ही सांगता, कोणाला द्यायचं ते. विचारलंत कधी?”

त्यानंतर चार दिवस मला चैन पडेना. तिचं मत माझ्याविरुद्ध आहे ह्याचा राग नव्हता. खरं सांगतो, थोडा होता. पण त्याहून मोठा घोर वेगळाच होता. एकोणतीस वर्षं मी जिच्याशी बोलत आलो, ती कोण आहे? ती ‘हो ना’ म्हणाली की मी खूश होत होतो, ते काय होतं? दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तीच चाचणी उघडायचो आणि बायको होऊन सोडवायचो. शिस्तीच्या प्रश्नांना होकार देऊन बघितलं, करांच्या प्रश्नांना नकार देऊन बघितलं. ठिपका कधी मधेच लटकायचा, कधी नुसता वर सरकायचा. तिच्या कोपऱ्यात एकदाही पोचला नाही. साठ प्रश्नांत ती कुठे काय म्हणाली असेल ह्याचा मला अंदाजच बांधता येईना. एकदा एका शिक्षिकेला मी ट्रायल फ्रेम घालून तशीच बसवून ठेवलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिने खाकरून आठवण करून दिली.

चौथ्या दिवशी मी एका निवृत्त वाहनचालकाचे डोळे तपासत होतो. “एक की दोन?” मी विचारलं. “दोन,” तो म्हणाला. काचा उलट्या केल्या. “आता एक की दोन?” “आता एक.” काच तीच, उत्तर पक्कं. पुढची काच घेताना माझाच आवाज माझ्या कानावर पडला. सपाट, कोरडा, कुठल्याच बाजूला न झुकणारा.  बायकोला मी असं कधीच विचारलं नव्हतं. तिला मी विचारायचो, “आता छान दिसतंय ना?”

तो गेला तसं मी कपाट उघडून तिच्या तपासणीची कार्डं काढली. अकरा वर्षांत चार. चारही कार्डांवर नंबर तोच, पावाचाही फरक नाही. हे मी लोकांना कौतुकाने सांगायचो, आमच्या हिचा नंबर कसा दगडासारखा आहे बघा. परक्या माणसाला मी आधी नंबर मोजणाऱ्या मशीनवर बसवतो. हिला कधी बसवलं नाही. घरचं माणूस, त्यात मशीन कशाला? जुनाच नंबर चढवायचा आणि भिंतीवरचा तक्ता वाच म्हणायचं. तक्ता ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायची. वाचणारच. दुकान नवीन होतं तेव्हा पहिली पाच वर्षं तो तक्ता रोज तीच पुसत होती. चारही कार्डांवर ‘शेरा’ ह्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द होता, ‘समाधानी’.

मी तिला फोन केला. “पाळणाघरातून सरळ इकडे ये.”

“काय झालं?”

“काही नाही. डोळे तपासायचेत.”

“आत्ता वर्षापूर्वी तर तपासले.”

“नाही तपासले,” मी म्हणालो.

ती आली. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. मी आधी तिला मशीनवर बसवलं. कागदावर जे आकडे आले ते बघून मला तोंड वर करवेना. मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवला आणि आकड्यांचा लावला. ट्रायल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. तिच्याकडे तोंड करून बोलायचं धाडस होईना, म्हणून मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो.

“एक की दोन?”

ती मान वळवायला लागली.

“माझ्याकडे नको बघूस. समोर बघ. एक की दोन?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काहीच वाटत नाही. मी मागे आहे.”

तिने मान सरळ केली. मग म्हणाली, “दोन.”

काचा उलट्या केल्या. “एक,” ती म्हणाली, ह्या वेळी लवकर. पुढच्या काचा. पुन्हा उलट्या. तासभर आमचं तेच चाललं होतं. एकदा ती म्हणाली, “नाही, थांबा, ती मघाची परत दाखवा,” आणि मी निमूटपणे दाखवली. एकदा म्हणाली, “ही नको, डोकं दुखतं हिने.” तिचं डोकं दर आठवड्याला दुखतं. मी आजवर ते पाळणाघरातल्या पोरांच्या माथी मारत आलो होतो.

दोन्ही डोळ्यांत पाऊण नंबर वाढला होता. उजव्यात तिरका, म्हणजे सिलिंडरचा, नंबरही होता, तो मी जन्मात पकडला नव्हता.

“अगं, इतकी वर्षं तुला लांबचं दिसत कसं होतं?”

“दिसत नव्हतंच.” तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. “पाळणाघराच्या फाटकाशी आईबाप येतात ना, त्यांना मी चालीवरून ओळखते. चेहरे जवळ आले की दिसतात. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसत असेल.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारायचात, छान दिसतंय ना. तुमचा आवाज इतका आनंदात असायचा. नाही म्हटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतंत.” तिने मांडीवरची पर्स सावरली. “आणि मलाही घाई असायची.”

मला रडू आलं. मागे उभा होतो हे बरं झालं. मी नवीन कार्ड घेतलं, तारीख घातली, नंबर लिहिला. शेऱ्याच्या रकान्याशी हात अडखळला.

“इथे काय लिहू?” मी विचारलं.

“कशात?”

“शेऱ्यात. तुला कसं वाटतंय ते.”

 ती खुर्चीतून उठली. नाकावर ती जडशीळ ट्रायल फ्रेम तशीच, काचांच्या कडा बाहेर आलेल्या. “जरा बाहेर जाऊन बघते, मग सांगते,” म्हणाली.

“चल, मी येतो बरोबर. पायरी आहे.”

“नको. मला दिसते आहे पायरी.”

ती पायरी उतरून फुटपाथवर गेली. येणारी-जाणारी माणसं तिच्या चेहऱ्यावरच्या त्या अवजाराकडे वळून बघत होती आणि ती खुशाल त्यांच्याकडे बघत होती. कोपऱ्यावरच्या झाडाकडे तिने मान वर करून बघितलं. मग रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागली, एकेक, ओठ हलवत. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी बसा म्हटलं. मी कार्ड आणि पेन घेऊन दारात उभा होतो. दोनदा माझ्या तोंडाशी आलं, छान दिसतंय ना. दोन्ही वेळा गिळलं. ती अजून पाट्याच वाचत होती.