कठड्याच्या जागी

भुरसेटोल्याचा रस्ता दर वर्षी लांबत चालला होता. जिथे पूर्वी बस सकाळच्या चहाला पोचायची तिथे ती जेवणाच्या वेळेला पोचायला लागली, आणि यंदाच्या पावसाळ्यानंतर तर दिवेलागणीला. गाव जागचं हललं नव्हतं. तालुक्याच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की भुरसेटोल्याच्या चिंचा पूर्वीइतक्याच जवळ दिसत. रस्ताच मधल्या मध्ये वाढत होता, भोपळ्याच्या वेलासारखा.

गावकऱ्यांनी तक्रार केली तेव्हा तालुक्याच्या बांधकाम कचेरीने विचारलं, आधी तो केवढा होता? ते कुणालाच सांगता येईना. तो रस्ता कधी कुणी मोजलेलाच नव्हता. त्यावर मोऱ्या किती, पूल कुठे, डांबर शेवटचं कधी पडलं, कशाचीच नोंद नव्हती. दुरुस्ती व्हायची ती ज्याची ओरड मोठी त्या रस्त्याची. भुरसेटोल्याची ओरड इतक्या लांबून यायची, की पोचेपर्यंत वर्ष संपलेलं असायचं.

म्हणून प्रणोती रामटेकेला पाठवलं. ती कचेरीत नवीन अभियंता होती. साहेबांनी तिच्या हाती टॅब दिला, मोजणीचं चाक दिलं आणि म्हणाले, "जे आहे ते भरा. जे असायला पाहिजे आणि नाही, ते आधी भरा. काय मोडलंय हेच आपल्याला माहीत नसेल तर नीट काय करणार?"

जीपवर देवाजी गहाणे होते. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. निघताना तेवढं म्हणाले, "आज राहू द्या ना जी मॅडम. ऊन फार हाय."

"थंडीचे दिवस आहेत, काका."

"होय जी," ते म्हणाले आणि त्यांनी जीप सुरू केली.

मोठ्या रस्त्यातून जिथे भुरसेटोल्याचा रस्ता फुटतो तिथून प्रणोती चाक ढकलत चालायला लागली. मागून जीप बैलासारखी संथ येत होती. दोन्हीकडे धान पिवळं पडलं होतं. तिने खड्डे भरले, भेगा भरल्या, कडेची बुजलेली नाली भरली. चाकावरचा आकडा वाढत होता आणि समोरच्या चिंचा होत्या तेवढ्याच दूर होत्या.

पहिल्या मोरीचा स्लॅब एका बाजूने तुटला होता. खालच्या खळग्यात एक माणूस उभा होता आणि तुटका स्लॅब त्याने खांद्यावर तोलून धरला होता. अंगात पांढरा सदरा, एका पायात चप्पल. जवळ गंजलेली मोटरसायकल पडली होती.

"तुम्ही कधीपासून आहात इथे?" प्रणोतीने विचारलं.

"पडलो तवापासून," तो म्हणाला. "लिहून राहिल्या का तुम्ही?"

"हो."

"मोरीचं लिहा."

तिने लिहिलं. स्लॅब तुटलेला, स्थिती अतिवाईट. फोटो जोडला. फोटोत नुसता खळगा आला. त्या माणसाने खांदा काढून घेतला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली, हात झटकले आणि धानाच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, चालत निघून गेला. स्लॅब थोडा आणखी खचला. प्रणोतीने मागे वळून पाहिलं, तर तालुक्याची पाण्याची टाकी एकदम जवळ आली होती. मोरीपर्यंतचा रस्ता आपल्या खऱ्या मापाला आला होता.

देवाजींनी खाली उतरून मोरीच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले, त्यावर पळसाच्या फांद्या ठेवल्या.

पुढे नाकासमोरचा रस्ता अचानक डावीकडे तळ्याकाठी वळत होता. वळणावर फलक नव्हता. फलकाच्या जागी एक पोरगी उभी होती, कॉलेजच्या गणवेशात. एक हात लांब करून वळणाकडे दाखवत होती. प्रणोतीने काही न विचारता लिहिलं, वळणाचा फलक नाही. पोरीने हात खाली घेतला, दुसऱ्या हाताने तो दाबत थोडा वेळ तिथेच बसली, मग तळ्याच्या बाजूने गेली. रस्ता आणखी आखडला. प्रणोतीला भीती वाटत नव्हती. तिला उशीर झाल्यासारखं वाटत होतं.

पुलाच्या अलीकडे देवाजींनी जीप आडवी घातली.

"याच्या पुढं नाही जी."

"काका, पूल राहिला तर सगळंच राहील."

"पूल चांगला हाय. चांगला म्हणून लिहा अन् चला."

प्रणोती जीपला वळसा घालून पुढे गेली. नाल्यावरचा पूल अरुंद होता. एका बाजूला कठडा होता. दुसऱ्या बाजूला नुसत्या वाकड्या सळया, आणि सळयांच्या आत, पाण्याकडे पाठ करून, माणसं ओळीने उभी होती. हातात हात घट्ट. लग्नाचे कपडे होते त्यांचे. एकाच्या डोक्याला फेटा होता, एकाच्या गळ्यात सनई अडकवलेली होती. साड्यांतून, धोतरांतून पाणी ठिबकत होतं आणि खालचं काँक्रीट कोरडं होतं.

देवाजी मागून आले. त्यांच्या हातात डबा होता.

"हळदीच्या रंगाचं लुगडं हाय ना, ती आमची कौतिका. भाच्याच्या लग्नाले गेली होती. वऱ्हाडाची गाडी इथूनच खाली गेली. मले सुट्टी नव्हती भेटली." त्यांनी डबा सळईला अडकवला. "मॅडम, हे उभे राहिले तवापासून या पुलावरून एक गाडी खाली गेली नाही. लिहू नोका जी. तुम्ही लिहाल, कठडा बांधतील, अन् हे जातील. मंग मी कुठं येऊ?"

प्रणोती टॅबकडे पाहत राहिली. कठडा आहे का? हो. नाही. एवढंच विचारलेलं होतं.

"आपण 'आहे' लिहिलं," ती म्हणाली, "तर इथे कधीच कुणी कठडा बांधायला येणार नाही, काका."

"मले तेच पायजे."

"अन् मले?" कौतिका म्हणाली. आवाज साधा होता, स्वयंपाकघरातून यावा तसा. "किती पावसाळे झाले, हात खाली घेतला नाही. हात भरून येते जी. लिहू द्या बाईले."

देवाजी तिच्यासमोर उभे राहिले.

"जेवले का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही."

"तो डबा तुम्हीच खा मंग. मले भूक लागत नाही, तरी तुम्ही दर वेळी आणता."

देवाजींनी रुमालाने तोंड पुसलं. मग प्रणोतीकडे न पाहता म्हणाले, "लिहा."

प्रणोतीने "नाही" वर बोट ठेवलं. स्थिती अतिवाईट. तातडीने.

फेटेवाल्याने आधी हात सोडला. मग सनईवाल्याने. हात सुटण्याचा आवाज ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा येत होता. एकेक जण कडेवरून खाली उतरला आणि पाण्याच्या काठाने चालू लागला. कौतिका शेवटची. तिने बोटं मोडली, दोन्ही हात पदराला पुसले आणि गेली. वळून पाहिलं नाही. देवाजी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

तेवढ्यात उरलासुरला रस्ता आखडला. भुरसेटोल्याच्या चिंचा एकदम पुलाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांची सावली पुलावर पडली. गावातली कोंबडी ऐकू आली. आणि दिवेलागणीला येणारी बस, जिला आता कापायला लांब रस्ताच उरला नव्हता, वेळेआधीच मागच्या वळणावर हॉर्न देऊन पुलापाशी आली. भरलेली होती. टपावर सायकली होत्या. ती जीपला वळसा घालून मोकळ्या कडेच्या बाजूने पुढे निघाली.

"काका, ती थांबवा!"

"अशी नाही थांबत जी ती," देवाजी म्हणाले. ते कडेवर गेले, पाण्याकडे पाठ केली आणि हात पसरले. एका माणसाचे हात किती पुरणार! त्यांच्यापासून पुलाच्या टोकापर्यंत मोठी मोकळी जागा राहिली.

प्रणोतीने टॅब जमिनीवर ठेवला. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्यांचा हात धरला आणि दुसरा हात जमेल तेवढा लांब केला. देवाजींचा हात ओला होता. तिने बोटं जरा सैल करून पाहिली. ती सैल झाली नाहीत.

बस पुलावर चढली. चाकं त्यांच्या पायांच्या बोटांशी येऊन, जरा अडून, पुन्हा आत वळली. खिडक्या एकेक करून तिच्या तोंडासमोरून गेल्या. बायका बोलत होत्या, कंडक्टर सुटे पैसे मागत होता, एक म्हातारा बाहेर पाहत होता, थेट तिच्या डोळ्यांत. पण त्याच्या नजरेत ती कुठेच नव्हती. कठड्याकडे माणूस जसं पाहतो तसं त्याने पाहिलं, आणि बस गेली.

गावाच्या बाजूने धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर येत होता.

"हात वर घ्या जी, मॅडम," देवाजी म्हणाले.