कोळ्यावरचा आळ

"आधी खाली उतर. पडशील," भीमराज दारातूनच म्हणाला.

सरूबाई पत्र्याच्या ट्रंकेवर उभी होती. काठीला बांधलेला फडा हातात, नजर छताच्या कोपऱ्यात. तळहाताएवढा एक चपटा कोळी वाशाच्या आडोशाला सरकत होता. तिनं फडा हाणला, कोळी खाली पडताच चपलेनं चेचला आणि मगच दम खाल्ला.

"ह्योच असणार. दाखवा बघू हात."

भीमराजनं हात पुढं केला. बोटांच्या सांध्यांवर गोल गोल खड्डे पडले होते, कुणी जळती उदबत्ती टेकवावी तसे. ते फारसे दुखत नव्हते, पण भरतही नव्हते.

"आणि एक झालाय," ती म्हणाली आणि खालीच बसली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी थेरगावात ही खोली घेतली होती. भीमराज सायकलवरून भोसरीला जायचा. तिथं एका लहानशा कारखान्यात लोखंडी भागांना क्रोमचा चकचकीत मुलामा चढवत. भीमराज मुलाम्याच्या टाकीवर होता. बोटाला पहिला खड्डा पडला तेव्हा शेजारच्या शालनबाईंनी लांबूनच सांगून टाकलं होतं, "कोळी मुतलाय. निजेत अंगावरनं गेला की असंच व्हतं. लई इखारी जात. आमच्या गावाला एकीचा हात सडला, बाई."

कारखान्यात सुपरवायझर मारुतराव हेच म्हणाले होते. "घरी जाळी-जळमटं असतील. वहिनींना सांगा, जरा घराकडं बघा म्हणावं."

भीमराजनं निरोप जसाच्या तसा आणून दिला होता. तेव्हापासून सरूबाई रोज भिंती झाडायची. अंथरुणं उन्हात टाकायची, पोरांना भिंतीपासून लांब निजवायची, गेरू उगाळून नवऱ्याच्या बोटांना लावायची. तरी नवा खड्डा पडायचाच. मध्ये गावाहून सासू आली. मुलाचे हात बघून ती एवढंच म्हणाली, "माझ्या घरात न्हाई कधी झालं असलं." सरूबाई त्या दिवशी जेवली नाही. आपल्याला घर राखता येत नाही, आणि त्यापायी नवऱ्याचा हात जाणार, हे तिच्या मनानं घेतलं.

गणपती उठल्यावर जयसिंगला ताप आला. जयसिंग भीमराजच्याच टाकीवर काम करायचा आणि चिंचवडला बहिणीच्या नव्या घरात राहायचा. दोघं नवरा-बायको त्याला बघायला गेली. घर स्लॅबचं, पांढऱ्या चुन्याचं. बसल्या बसल्या सरूबाईची नजर सवयीनं कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरली. एकही जाळं नव्हतं. मग जयसिंगनं चहाची बशी घ्यायला हात पुढं केला.

तेच खड्डे. तसेच गोल, सांध्यांवर.

"भाऊ," तिनं विचारलं, "तुमच्याकडं कोळी हायत का?"

जयसिंग तापातही हसला. "वहिनी, माझी बहीण घरात मुंगी टिकू देत न्हाई. कोळी कुठला?"

"मग हे हाताला?"

"झोपेत कुठनं तरी येत असंल. मारुतराव म्हनतात."

सरूबाईनं बशी खाली ठेवली. परतताना ती एकदम म्हणाली, "त्यांचं घर येगळं, आपलं घर येगळं. टाकी तेवढी एकच हाय."

भीमराजनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सरकारी दवाखान्यात नेलंच.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी बोटं पाहिली, काम काय करता ते विचारलं आणि मग बॅटरी घेऊन त्याच्या नाकात पाहायला लागल्या. भीमराजला नवल वाटलं.

"नाकातून रक्त येतं का कधी?"

"येतं की. उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतं."

"नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय तुमच्या. टाकीची वाफ आणि आम्ल. बोटांनाही तेच झालंय."

"कोळ्यानं न्हाई?" सरूबाईनं विचारलं.

"नाही हो. आपल्या घरातले कोळी माणसाला असं काही करत नाहीत. एखादा चावलाच तर मुंगी चावल्यासारखं. ते उलट डास-माश्या खातात. लोकांच्या अंगावर फोड उठतात ते बहुतेक दुसऱ्याच कशानं तरी, आणि नाव येतं कोळ्याचं." त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. "बोटं भरतील. नाकाचं भोक आता भरायचं नाही, वासही हळूहळू कळेनासा होईल. पण त्या टाकीवर परत जाऊ नका."

भीमराज घरी राहिला. कोळी असता तर मारता आला असता, असं तो एकदा म्हणाला.

रविवारी मारुतराव आले. दारात चपला काढतानाच म्हणाले, "अरे, किती दिवस बसणार? वहिनी, घर साफ ठेवलं असतंत तर—"

"भाऊ, बसा," सरूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जयसिंग भाऊंच्या घरात औषधाला कोळी न्हाई. त्यांच्या हातावर कोन मुतलं?"

भीमराजनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं. नाकाचंही. मारुतराव ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच शर्टाची बाही सारली. बोटांपासून मनगटापर्यंत जुने, भरलेले, पांढरट व्रण होते. सुपरवायझर व्हायच्या आधी तेही टाकीवर होते, हे सरूबाईला माहीत नव्हतं.

"मला मुंबईच्या कारखान्यात सांगितलेलं," ते म्हणाले. "कोळी म्हणून. मीबी तेच धरून चाललो. सगळ्यांना तेच सांगत आलो."

भीमराजनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"आमची मंडळी, कौशल्या," मारुतराव म्हणाले, "लई झाडायची घर. दमेकरी होती, तरी झाडायची. धूळ उडायची, खोकत बसायची. आणि मी वर तिलाच बोलायचो. घाणेरडी म्हणायचो." त्यांनी बाही खाली ओढली आणि तिचं बटण लावायचा प्रयत्न केला. ते काही लागेना. "गेली ती, चार वर्षं झाली. आता कुणाला सांगू?"

सरूबाईनं चहा ठेवला. तिला त्यांच्यावर रागवायचं होतं. मनात सगळं जुळवून ठेवलेलंही होतं. ते तसंच राहिलं.

पुढं मारुतराव मालकाशी भांडले. रबरी हातमोजे आले, वाफ ओढणारा पंखा यायला आणखी वर्ष लागलं. तोवर जयसिंग दुसरीकडं लागला होता. भीमराजला पॅकिंगमध्ये घातलं. तिथं ओव्हरटाइम नव्हता, पण बोटं भरली. शालनबाईंना काही पटलं नाही. सरकारी डॉक्टरला इखारातलं काय कळतंय, असं त्या म्हणत राहिल्या. सरूबाई वाद घालत नसे. ती पहिल्यासारखी सणावाराला घर झाडायची, इतकंच.

हिवाळ्यात एका संध्याकाळी ती चुलीवर सुके बोंबील भाजत होती. वास बोळाच्या टोकापर्यंत गेला होता. दोन घरं सोडून राहणारी पोरं नाक वर करून हसत होती. भीमराज सायकल भिंतीला टेकवून आत आला, पाय धुऊन चुलीजवळ बसला.

"काय करतीस?" त्यानं विचारलं.

सरूबाईनं तव्यावरून नजर काढली नाही.

"बोंबील भाजतीया."

"हां," तो म्हणाला, आणि ताट ओढून घेतलं.