आईची कवळी

आईची कवळी सकाळी बेसिनमध्ये धुताना हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

"तुझ्या बेसिनमध्ये काही कापडबिपड अंथरायला नको का?" आई बोळक्या तोंडाने म्हणाली. म्हणजे चूक बेसिनची, आणि बेसिन ताईचं.

ताईने तुकडे उचलले. पोटापाण्यासाठी ती दातच करायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत, लोकांच्या जबड्यांचे साचे पुढ्यात घेऊन बसायची आणि मेणात एकेक दात असा रोवायची की लावणाऱ्याच्या बायकोलाही कळू नये. पन्नाशीला टेकली होती, लग्न केलं नव्हतं. घर स्वतःचं होतं, पण त्यातल्या एकुलत्या एक झोपायच्या खोलीत गेलं वर्षभर आई झोपत होती आणि ताई बाहेर सोफ्यावर. धाकट्या भावाच्या घराची डागडुजी निघाली म्हणून आई "चार दिवसांसाठी" आली होती. ते काम केव्हाच संपलं होतं. धाकटा फोन करून आईची चौकशी करायचा, न्यायचं नाव काढायचा नाही.

ताईचा राग त्यावर नव्हता. तिचा राग त्याहून फार जुना होता.

ती सहा वर्षांची असताना धाकटा जन्मला, तो छातीचं दुखणं घेऊनच. आईचं घर की इस्पितळ, इस्पितळ की घर असं सुरू झालं. ताईला मावशीकडे ठेवलं, "बाळ बरं होईपर्यंत". बाळ बरं झालं. शाळेत जाऊ लागलं, धावण्याच्या शर्यतीत बक्षिसं आणू लागलं. ताई मावशीकडेच. शाळा संपवून ती परत आली तेव्हा स्वतःच्या घरात बशा कुठे ठेवतात हे तिला विचारावं लागलं होतं.

बरं, मावशी वाईट असती तरी सोपं झालं असतं. ती शिवणकाम करायची. काजं करायला, बारीक टाका घालायला तिनेच शिकवलं, आणि ताईच्या हातात जे काही होतं ते तिथूनच आलं होतं. तक्रार करावी तर मावशीवर अन्याय, न करावी तर घशाशी आलेलं गिळावं लागायचं. मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. आणि आईपाशी विषय काढला की ती म्हणायची, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई. झालं गेलं उगाळून काय मिळणार?" दात करणाऱ्या मुलीला ही म्हण ती इतक्यांदा ऐकवायची की ताई खरोखरच दातओठ खायची.

तुटलेली कवळी जोडण्यात अर्थ नव्हता. ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि नवी करायचं ठरलं. मापं घेऊन झाली. मग एका दुपारी जबडा कसा मिटतो ते पाहायला आईच्या तोंडात मेणाच्या पट्ट्या बसवल्या.

"आजी, आता हळूच तोंड मिटा. मेण घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीतला रोगी बघायला गेल्या.

आई खुर्चीत मिटल्या ओठांनी बसली होती. ताई शेजारी उभी होती. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक वाक्य अर्ध्यात तोडलं, ती आज तोंड उघडू शकत नव्हती. ताईच्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं. शब्द आपोआप बाहेर पडले.

"आई, तो बरा झाल्यावर मला का नेलं नाहीस?"

आईचे डोळे तिच्याकडे वळले.

"रोज संध्याकाळी मी मावशीच्या पायरीवर बसायचे. कोणी आलं की उठायचे. मावशीला वाईट वाटतं हे कळल्यावर बसायचं सोडलं. सहा वर्षांची होते मी. एकदा तरी सांग ना, काय चुकलं होतं माझं?"

आईने हाताने खूण केली, थांब म्हणून. मग तिला थांबवेना. तिने स्वतःच बोटं घालून मेण उपसून काढलं.

"मी आले होते न्यायला! तू मावशीच्या मागे लपलीस. येतेस का विचारलं, तर नाही म्हणालीस. तिचा पदर सोडेनास."

ताईला ते आठवत होतं. आईच्या कडेवर बाळ होतं, आणि आईने खाली वाकून विचारलंही नव्हतं.

"रुसले होते मी! सात वर्षांची पोर नाही म्हणाली आणि तू ऐकलंस? दूध नको म्हटलं तर ऐकायचीस का? औषध नको म्हटलं तर?"

"मग काय फरफटत नेऊ?"

"हो! न्यायचं फरफटत!"

शेजारच्या खोलीतली कुजबुज थांबली. आईने हातातलं मेण बघितलं. "वाकडं झालं वाटतं हे," ती म्हणाली. "आता परत करावं लागेल का?"

करावं लागलं. दुसऱ्या वेळी ताई आत आलीच नाही.

त्या आठवड्यात धाकटा आला. ताईने त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो रेलिंगला टेकून ऐकत राहिला.

"तुझं निदान बरं होतं ताई," तो म्हणाला.

"बरं?"

"मी अभ्यास केला नाही की ऐकायचो, तुझ्यापायी पोटची पोर दुसऱ्याच्या दारात ठेवली. पडलो, तरी तेच. नापास झालो, तरी तेच. तुला वाटतं मी आईला न्यायला का येत नाही?"

ताईला हे ठाऊक नव्हतं. त्याला जवळ घ्यावं असं क्षणभर वाटलं आणि त्याच क्षणी संतापही आला. म्हणजे आईला कळत होतं. चूक कळत होती, बोलून दाखवता येत होती, फक्त जिच्याशी बोलायची तिच्याशी सोडून.

"मग तू तिला विचार ना," ती म्हणाली.

"तू विचारलंस. काय मिळालं?" घड्याळाकडे बघत तो वर न येताच निघून गेला. ताईने आईला सांगितलं, त्याला काम निघालं. आई म्हणाली, "बिचारा."

कवळी झाली. ताईने ती कोणाचीच केली नव्हती इतकी मन लावून केली. पुढच्या दोन दातांत आईच्या तरुणपणीच्या फोटोत दिसते तशी किंचित फट ठेवली. आईने ती लावली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "इथे टोचतंय." ताईने ती जागा घासली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे टोचू लागलं.

रविवारी शेजारीण आली. "आजी, काय सुंदर दिसताय! कुणी केली?"

"हिनेच," आई हसून म्हणाली. ताईचं काळीज उगाच हललं. "लहानपणापासून हात चांगला हिचा. मीच शिकवलं ना सगळं. माझ्याजवळ बसून काजं करायची."

"मावशीजवळ," ताई म्हणाली.

"तेच ते. बहिणी बहिणी काही वेगळ्या का?"

शेजारीण हसली. आईही हसली, फट दाखवून. ताईच्या तोंडाशी आलं होतं, की तेच ते नाही, कधीच तेच ते नव्हतं. पण शेजारीण कौतुकाने तिच्याकडे बघत होती आणि आई कपातला चहा सावकाश, नव्या दातांचा अंदाज घेत पीत होती.

"गरम आहे गं," आई म्हणाली. "तुझा चहा नेहमी जास्तच गरम असतो."

ताईने तिच्या हातातून कप घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की चहा हातावर सांडला. हात नळाखाली धरून ती उभी राहिली. बाहेर आई शेजारणीला धाकट्याच्या शर्यतीतल्या बक्षिसांबद्दल सांगत होती. पाणी वाहत राहिलं. मग बाहेरून हाक आली, "अगं, चहा आणतेस ना?"

"आणते," ताई म्हणाली आणि कप पुसू लागली.