खाच कोरडी दिसली की

“खाच कोरडी दिसली की वळायचं. पुढं काय दिसतंय ते बघायचं न्हाई.”

हा आवाज रोहिदासचा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या पोकळ पोटात तो अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. ॲल्युमिनियमची, जागोजागी पोचे आलेली, अंगावर विरलेलं खाकी कापड. मी कुठं घडले ते मला आठवत नाही. आठवतं ते देहूरोडचं एक दुकान, जिथं लष्कराचं जुनं सामान विकायला मांडलेलं असे. रोहिदासनं मला तिथून उचललं. तो निघोज्याचा, चाकणच्या एका कंपनीत साचे आणि मापं घडवणारा कारागीर. सुट्टी मिळाली की सायकल घेऊन डोंगर गाठायचा.

मी धातूची, त्यामुळे आत किती पाणी उरलं ते बाहेरून कळत नसे. म्हणून त्यानं एक स्टीलची पट्टी घडवली, गाडीच्या इंजिनातलं तेल बघायला असते तशी. ती माझ्या बुचाला आतून जोडली आणि बरोबर अर्ध्यावर एक खाच पाडली. बूच काढलं की पट्टी बाहेर येते. खाच ओली असली तर पुढं जायचं. कोरडी असली तर उरलेलं पाणी परतीचं. पाठीवरच्या पिशवीतलं पाणी आधी प्यायचं, माझ्यातलं शेवटी, असा त्याचा नेम होता. कंपनीतली माणसं हसायची, “रोहिदासची बाटली बोलती, राव!” तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

मग तो आणि त्याचा दोस्त बबनराव हिमालयापलीकडच्या थंड वाळवंटात सायकली घेऊन गेले. तिथं झाड नाही, सावली नाही. नुसता दगड, वाळू आणि कोरडा वारा. नकाशात दाखवलेला ओढा आटलेला निघाला. रोहिदासनं बूच काढलं. खाच कोरडी होती.

“अरे, खिंड तर समोर दिसतीया,” बबनराव म्हणाला. “इतक्या लांब येऊन माघारी फिरायचं?”

त्या हवेत धूळ नसते, म्हणून लांबचंही जवळ दिसतं. रोहिदासनं पट्टीकडं पाहिलं, खिंडीकडं पाहिलं, आणि बूच लावून तो पुढं निघाला. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी मेंढपाळांनी दोघांना खाली आणलं. बबनराव वाचला.

त्यानंतर मी निघोज्याच्या घरात माळ्यावर पडून राहिले. आतून पांढरे डाग पडले, कापडाला कसर लागली. खालून कौशल्याबाईंचा, रोहिदासच्या बायकोचा, आवाज तेवढा यायचा. त्यांनी एक नेम धरला होता. सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्या कुणातरी कामगाराला तांब्याभर पाणी दिल्याशिवाय त्या स्वतः घोटभरही पाणी पीत नसत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, “सवय हाय माजी.”

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, विजयश्रीनं, मला खाली काढलं. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता कंपनीत तपासणी विभागात होती, आणि अवघड डोंगरउतारावर सायकल घालण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

“आई, मी त्या खिंडीत जाणार आहे. बाबा पोचले नाहीत तिथं.”

कौशल्याबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

चौथ्या दिवशी त्यांनीच बबनरावांना बोलावणं धाडलं. आता ते थकले होते, आकुर्डीला लेकाकडं राहत होते. नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. उंचीवर गेल्यावर पहिले चार दिवस नुसतं राहायचं, छातीला विरळ हवेची सवय होऊ द्यायची. सोबत ज्ञानेश, तिच्याच विभागातला. ब्रेकचे जास्तीचे गुटके, साखळीच्या सुट्या कड्या. दर रविवारी घोराडेश्वरच्या डोंगरात पाठीवर वाळूची पिशवी घेऊन सराव. पाण्याची जागा आली की बबनराव पेन्सिलनं गोल करत आणि लगेच खोडत.

“ह्यो ओढा धरू नगं, पोरी. ह्यो फसवतो.” मग खाली मान घालून म्हणाले, “वयनी, त्या दिवशी मीच म्हनलो हुतो, खिंड समोर दिसतीया. अठरा वर्सं झाली, तुमच्यापुढं तोंड उघडलं न्हाई मी.”

मग कौशल्याबाईंनी तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला. “प्या,” एवढंच म्हणाल्या.

नंतर त्यांनी मला राखेनं आणि चिंचेनं घासलं, पट्टी लखलखीत केली आणि मुलीच्या हातात दिलं. “खिंड न्हाई बघितलीस तरी चालंल. ही खाच बघशील?”

“बघीन.”

“आन् कोरडी असली तर?”

“वळेन, आई. शब्द देते.”

मित्रांनो, वस्तूंना नीट ठेवा. वापर झाला की धुऊन, कोरडं करून, पालथं घालून ठेवा. पण त्याहून एक मागणं आहे. आम्ही जे सांगतो ते ऐका. आम्हाला फक्त सांगता येतं. हात धरून थांबवता येत नाही.

यंदा भाद्रपदात मी पुन्हा तिथं गेले. तोच वारा, तेच दगड. आटलेल्या ओढ्यात क्षारांची पांढरी रेघ तेवढी होती. पाठीवरच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या चढाखाली विजयश्रीनं सायकल टेकवून बूच काढलं.

खाच कोरडी होती.

खिंडीवर बांधलेल्या प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडताना दिसत होत्या. इतक्या जवळ, की रंग मोजता यावेत.

“ताई, दीड किलोमीटर फक्त,” ज्ञानेश म्हणाला. “माझ्याकडं आहे की घोटभर. वर्षभर तयारी केली आपण! घरी कुणाला कळणार आहे?”

ती पताकांकडं बघत राहिली. तिचे ओठ फुटले होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावर उतरायच्या आत वाऱ्यानं सुकवलं. तिनं खिंडीच्या दिशेनं एकदा हात जोडले, बूच घट्ट लावलं आणि सायकल दगडांवरून उचलून फिरवली.

“ताई...”

“चल,” ती हळूच म्हणाली आणि उताराला लागली.

गेल्या वेळी या वाटेनं मी रिकामी उतरले होते. या वेळी दगडादगडावर माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं.