दोन किलोचे डंबेल्स

पुण्याहून लेकानं, सम्मेदनं, दोन-दोन किलोचे डंबेल्स पाठवले, तेव्हा राजमतीअक्का फोनवर खेकसल्या, "म्हातारीला तालमीत घालतोस व्हय रे?" पण हाडांसाठी डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. मग रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आल्या, की अक्का खुर्चीत बसून दहा वेळा हात वर-खाली करायच्या. आकडे मोठ्यानं मोजायच्या. घरात तेवढाच काय तो आवाज.

चार महिन्यांनी गॅस संपला. दारात उतरवलेली भरली टाकी आत ओढून द्यायला नेहमी शेजारचे विजयसिंह यायचे आणि चहाला तासभर टेकायचे. नवरा गेल्यापासून दुसरं कुणी घराकडं फिरकत नव्हतं. या खेपेला अक्कांनी टाकी एकटीनंच आत नेली आणि विजयसिंहांना तोऱ्यात सांगितलं.

"लई भारी, अक्का! सुटलो की मी," म्हणत ते दारातूनच परतले.

पुढची टाकी आली, तीही अक्कांनी सवयीनं आत नेली. मग तिच्याकडं बघत जरा वेळ उभ्या राहिल्या. डंबेल्स कॉटखाली सारले, टाकी पुन्हा उंबऱ्याबाहेर ओढत नेली आणि हाक मारली,

"विजयसिंह, टाकी हलत न्हाय बघा!"