चिंधीने बांधलेली लेझीम

दोन हजार पंचवीस सालच्या एप्रिल महिन्यातील पहिल्या शनिवारी, सकाळी, हैदराबाद शहरात कोठीजवळच्या एका बालरुग्णांच्या दवाखान्यात एक निर्णय झाला. तो एका मुलीच्या प्रकृतीविषयी होता. परंतु त्यात माझाही वाटा होता असे मी मानते. का मानते, ते पटवून देण्यासाठीच ही हकीकत.

मित्रांनो, मी एक जुनी लेझीम आहे. लेझीम म्हणजे नुसते वाजवायचे वाद्य, अशी पुष्कळांची समजूत असते. ती मला मान्य नाही. वाजणे हा माझा स्वभाव खरा. पण मला हाती घेणाऱ्याला वाकवणे, उठवणे आणि त्याच्या श्वासाला ताल देणे हे माझे काम आहे.

नांदेडच्या एका लोहाराने माझी साखळी घडवली, तीत चकत्या ओवल्या आणि सुताराने माझा दांडा तासला. तातेरावांनी मला घेतले तेव्हा त्यांना नुकतेच मिसरूड फुटले होते. पुढे सिकंदराबादला रेल्वेत नोकरी लागली आणि वळकटीत गुंडाळून त्यांनी मला या शहरात आणले. दर वर्षी एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत मी त्यांच्या हातात, पुढच्या ओळीत असे. दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून लोक म्हणत, "वाह चाचा, क्या बजाते!" माझ्या दांड्यावरची तकाकी ही त्या वर्षांतल्या घामाची आहे. कोणत्याही रोगणाने ती आली नसती.

मग मिरवणुकीत मोठमोठे कर्णे आले, लेझमीच्या ओळी विरळ झाल्या, तातेरावांचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी सुलतान बाजारामागच्या त्यांच्या घरात दाराआडच्या खिळ्यावर गेले. माझ्यावर आधी छत्री टांगली गेली, नंतर भाजीची पिशवी. दार आपटले की मी किंचित वाजे. तरीही माझी तक्रार नाही. त्या घराने मला भंगारवाल्याच्या हाती दिले नाही, हे उपकार मी विसरत नाही.

तातेरावांची नात रोशनी अकरा वर्षांची आहे. आईवडील दोघेही नोकरीला जातात. शाळेतून आली की सोफा, मोबाइल आणि बिस्किटांचा पुडा हीच तिची संध्याकाळ झाली होती. वजन वाढत गेले. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबे आणि रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडे. गच्चीवर जाणे तर तिने सोडूनच दिले होते, कारण तिथली मुले तिला पाहताच हलीम शिजवायच्या भल्यामोठ्या हंड्याची उपमा देत ओरडत, "हलीम की देग आई रे!"

तरी तिची एक इच्छा होती. या वर्षी मिरवणुकीत आजोबांच्या जागी आपण चालायचे, त्यांचीच लेझीम घेऊन.

नोव्हेंबरात त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासले. तिथले बोलणे मला पुढे घरच्यांच्या तोंडून कळले. त्या म्हणाल्या, "विटामिन डी बहुत कम है. वजन ज्यादा रहा तो ये विटामिन चरबी में अटक जाता, खून में कम मिलता. पाउडर देती हूँ, दूध में पिलाव. मगर रोज खेलना भी होना. क्या खेलती बेटा?"

रोशनीने आजोबांकडे पाहिले. तातेराव म्हणाले, "लेझीम खेलेगी. जयंती के जुलूस में मेरी जगह चलना बोलती."

"खेलने दो. मगर जुलूस में घंटों चलना पड़ता. पाँव दुख रहे तब तक नक्को. एप्रिल में देखेंगे."

त्याच दिवशी तातेरावांनी मला खिळ्यावरून उतरवले, पुसले, तेल लावले. त्या हातांचा स्पर्श ओळखीचा होता; मला भरून आले. पण रोशनी मला घेऊन गच्चीकडे निघताच आजी केसरबाई आडव्या आल्या.

"हॉलमधीच खेळू द्या. वर पोट्टे चिडवतेत. अन उन्हात पोरगी कोळसा व्हईल."

"मी तरी कुठं गोरा हाय? तरी केलंसच न्हवं माझ्यासंगं लगीन?" तातेराव म्हणाले.

"तवा मला चष्मा नव्हता!"

वाद तिथेच संपला आणि आम्ही हॉलमध्ये खेळू लागलो. समोरच्या इमारतीतून कोणी पाहू नये म्हणून पडदे ओढले गेले. खालच्या मजल्यावरच्या आंटींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकले, तेव्हा केसरबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून माझ्या चकत्यांना घट्ट बांधल्या. त्यात त्यांची मायाच होती, हे मी जाणते. पण मी मुकी झाले. अंधारलेल्या खोलीत तातेराव तोंडाने "एक, दोन, तीन, चार" म्हणत आणि रोशनी मला हलवी. तिचा दम थोडा वाढला. पोटऱ्या मात्र दुखतच राहिल्या.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासले. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"थोडा बढ़ा. इससे ज्यादा बढ़ना था. पाउडर बराबर देते?"

"हौ. बराबर," केसरबाई म्हणाल्या.

"खेलती?"

"रोज."

"कहाँ खेलती?"

रोशनी पुटपुटली, "हॉल में. परदे लगा के. लेझीम कू चिंधी बांध के."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "अरे अम्मा! धूप का दरवाजा बंद करके विटामिन कू अंदर बुला रे? हाथ-पाँव खुले रखके थोड़ी देर धूप में खेलने दो. रंग की फिकर छोड़ो, हड्डी की करो."

घरी आल्यावर केसरबाईंनी कात्री घेतली आणि माझ्या चिंध्या स्वतःच्या हाताने कापून टाकल्या. "चल गं," त्या नातीला म्हणाल्या, "मी बी येते वर. बघते कोण चिडवतंय ते."

गच्चीवर पाऊल टाकताच हाळी आलीच. "देग आई रे!"

रोशनीचा तळहात माझ्या दांड्यावर घामेजला. आता ही परत फिरणार, असे मला वाटले. ती फिरली, पण त्या मुलांकडे.

"हौ, देग हूँ! खाली डब्बा तो नहीं ना? ले, ये बजा के बता!"

चिडवणाऱ्यांपैकी एकाने मला ऐटीत घेतले आणि दोन हिसक्यांत साखळी स्वतःच्याच बाहीत अडकवून घेतली. सगळे त्याच्यावर हसले, तोही हसला. मग रोशनीने मला घेतले, वाकली, आणि इतक्या वर्षांनी मी उघड्या आभाळाखाली मनमुराद वाजले. केसरबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ओरडत होत्या, "पाणी पी गं आधी!" त्यानंतर त्या गच्चीवर ती एकटी कधीच खेळली नाही. मुले आळीपाळीने मला मागू लागली, आणि खालच्या आंटींच्या छताला शांतता मिळाली.

मित्रांनो, सगळे श्रेय मी घेत नाही. औषधाने त्याचे काम केले, उन्हाने त्याचे केले आणि मी माझे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, हा हट्ट मात्र खोटा. तुमच्याही घरी दाराआड एखादी उडीची दोरी किंवा सायकल धूळ खात असेल. तिला बाहेर काढा, उन्हात न्या. आणि जो लाजेने खेळत नाही त्याला हसू नका, त्याला खेळायला बोलवा. मला पुन्हा हाती घेणाऱ्या त्या मुलीचे, तेल लावणाऱ्या हातांचे आणि कात्री चालवणाऱ्या हातांचेही मी मनापासून आभार मानते.

आता त्या शनिवारची गोष्ट. मी केसरबाईंच्या पिशवीत होते. रोशनीने हट्टाने मला आणले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा निकाल वाचला, रोशनीच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"दुखते?"

"नहीं दुखते."

"जुलूस का क्या, डॉक्टरसाब?" केसरबाईंनी विचारले. पिशवीवरची त्यांची मूठ घट्ट झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वजन अभी ज्यादाच है, वो धीरे जाता. मगर विटामिन बराबर हो गया. जुलूस में जाने दो. पाउडर बंद. खेल बंद नक्को करो."